नाथाजीची मार्सेल्सची पेठ

आमच्या रहिमतपुरात दिवे लावणारा माणूस एकच होता, आणि दिवे लागत नव्हते. चव्वेचाळीस सालची गोष्ट. लढाईपायी रॉकेल मिळेना, म्हणून म्युनिसिपालटीनं पेठेतले कंदील बंद ठेवलेले. तरी नाथाजी रोज दिवस कलला की शिडी खांद्यावर टाकून निघायचा. खांबाला शिडी लावायची, वर चढायचं, कंदिलाची काच काढून फडक्यानं पुसायची, परत बसवायची, उतरायचं, पुढचा खांब. डाव्या पायाला बोटं तीनच, त्यामुळं उतरताना वेळ लागायचा. मी मशीनवर बसल्या बसल्या ओरडायचो,

"नाथाजी, लागला का रं दिवा?"

तो वरनंच म्हणायचा, "लागंल की, मास्तर. काच तयार पायजे."

मास्तर म्हणजे मी. शाळेतला नव्हे, शिलाई मशीनमुळं चिकटलेली पदवी. माझं दुकान पेठेच्या तोंडाशी आणि घर नाथाजीच्या घराला लागून, मध्ये एक कुडाची भिंत. त्यामुळं नाथाजीबद्दल गावाला जे ठाऊक होतं ते माझ्याकडनं, आणि मला जे ठाऊक होतं ते त्या भिंतीकडनं.

आता हे सांगतोय ते चहाडी म्हणून नव्हे. म्हणजे तेव्हा चहाडीच होती. त्या दिवसांत गप्पांची फार पंचाईत असायची. बोलण्यासारखे विषय दोनच, सरकार आणि पत्री सरकार, आणि दोन्हींबद्दल दुकानासमोरच्या कट्ट्यावर तोंड उघडायची सोय नाही. ऐकणारा कुणाचा, कुणास ठाऊक. कुंडलकडचा, म्हणजे पत्री सरकारच्या मुलखातला, पाहुणा कुणाकडं उतरला की आम्ही सगळे एकदम पीकपाण्यावर बोलायला लागायचो. अशा वेळी गावाला एक बिनधोक विषय लागतो. तो मी पुरवला.

नाथाजीचा बाप लवकर गेला. आई त्याला घेऊन सांगलीला भावाकडं राहिली. मामा हरिपुराला हळदीच्या पेवांवर कामाला होता. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वरनं तोंड एवढंसं आणि आत शेकडो पोती हळद. नाथाजी त्या पिवळ्या अंधारात वाढला. त्याची आई म्हणायची म्हणे, की ह्याला लगनात निराळी हळद लावायला नको. थोडा मोठा झाल्यावर मामानं त्याला सांगलीच्या पेठेत सौद्याला उभं केलं. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर एक रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी त्या दोघांचं काय चाललंय ते त्या दोघांनाच. नाथाजीला ही विद्या चांगली आली. पुढं विशीत तो खडकीला जाऊन पलटणीत भरती झाला, पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग लावणाऱ्या पलटणीत, आणि चौदा साली बोटीत बसून फ्रेंचांच्या मुलखात गेला. मार्सेल्स नावाच्या बंदराला बोट लागली.

लढाईचं तो फार सांगायचा नाही. पहिल्याच हिवाळ्यात खंदकातल्या चिखलपाण्यात उभं राहून पाय काळा पडला, दोन बोटं कापली, एवढंच. मग त्याला परत मार्सेल्सच्या इस्पितळात आणलं आणि बरा झाल्यावर तिथल्याच कोठारात हलक्या कामावर ठेवलं. चार महिने. दुपारी दोन तास मोकळीक. त्या दोन तासांत तो लंगडत एकाच गल्लीत जायचा.

ती गल्ली त्यानं तीस वर्षं आम्हाला सांगितली.

"बंदराच्या मागं हाय, मास्तर. आपल्या पेठंएवढीच, पर चढाची. पयलं पाववाल्याचं. पाव कसला, हातभर लांब! बाया काखंत मारून न्हेत्यात, जळनाच्या ढलपीगत. त्याच्या फुडं मिठाईचं. अख्खं संतरं, सालीसकट, पाकात मुरवल्यालं. उनाला धरलं की आत दिवा ठिवल्यागत दिसायचं. मग पिंपवाल्याचं. हिरवी, काळी फळं, आवळ्याहून ल्हान, मिठाच्या पान्यात. पंधरा-वीस पिंपं, आन् दर पिंपाची चव न्यारी. म्हातारा लाकडाच्या पळीनं एक काडून तळव्यावर ठिवायचा आन् म्हनायचा, खा. घे म्हनायचा न्हाई. खा!"

"फुकट?" कुणीतरी विचारायचंच.

"फुकट. आदी खायाचं, मग बोलायचं. तितली रीतच हाय."

"आणि मग?" मी मशीन थांबवून विचारायचो. मला पुढचं दुकान माहीत असायचं. कट्ट्यावरच्या सगळ्यांनाच माहीत असायचं.

"मग गोगलगाईंचं."

इथं कट्टा फुटायचा. भाऊसो पाटील तर तपकिरीची डबी खाली ठेवून हसायचे. "आरं, गोगलगाय कोन इकत घेतंय? माज्या परड्यात ये, पाटीभर फुकट न्हे!"

"आवं, इकत्यात. टोपलीत असत्यात, जित्या. काठावर चढून भाईर याच्या, आन् दुकानदार पुन्यांदा आत टाकायचा. म्या सोता बगितलंय."

"खाल्लीस का?"

"न्हाई. म्या न्हाई खाल्ली."

"मग मडमनं खाऊ घातलं असंल," मी म्हणायचो, आणि दुसऱ्यांदा हशा.

मडम हे नाव माझं. गल्लीच्या टोकाला शेवटचं दुकान एका बाईचं होतं, चाळिशीतली, काळे कपडे घालणारी, विधवा. तिच्याकडं दुधाचे घट्ट केलेले गोळे विकायला असत, चीज म्हणतात ते, जात्याच्या पाळीएवढे. कुंभार चाकावरचं मडकं दोऱ्यानं कापतो तसे ती तारेनं कापायची. वास कसा, तर महिनाभर न धुतलेल्या मोज्यासारखा, आणि चव अशी की मोज्याचा राग जावा. हे नाथाजीचे शब्द. पण तो तिथं थांबला तो चीजसाठी नव्हे. मागच्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या. मिरी, दालचिनी, लवंग. आणि एका बरणीत हळकुंडं.

"म्या म्हनलं, ही आपली. बोटानं दावली. बाईनं बरनी काडून झाकन उगडलं. मास्तर, चार म्हयने माज्या नाकाला निस्ता चिखल आन् औषिद. आन् त्यातनं ते आलं."

त्यानं एक हळकुंड घ्यायचं ठरवलं. भाव काय, ते विचारायला भाषा नाही. दुकानात चार बायका उभ्या. मग नाथाजीनं काय करावं? सांगलीच्या पेठेत जे केलं असतं ते केलं. खिशातनं रुमाल काढला, बाईचा हात आपल्या हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि बोट दाबलं.

आता तुम्हीच सांगा. परमुलखातला शिपाई, विधवेचा हात रुमालाखाली धरून दाबतोय, भरल्या दुकानात. बायका किंचाळल्या. पाववाला धावत आला. नाथाजीला आपलं काय चुकलं ते कळेना, त्याला वाटलं भाव फारच पाडून मागितला, म्हणून त्यानं आणखी एक बोट दाबलं.

"मग?"

"मग ती हासली. आदी डोळं मोटं केलं, मग हासली. आन् रुमालाखाली तिनंबी माजं बोट दाबलं. एक."

त्यानंतर चार महिने रोज दुपारी तो गेला की ती कमरेला पदरासारखा बांधलेला पांढरा कपडा पुढं करायची आणि त्याखाली हात. घेणं-देणं काही नाही. एक बोट, दोन बोटं, कधी चार. मग चीजचा एक तुकडा सुरीच्या टोकावर त्याच्यासमोर धरायची. त्याला तिचं बोलणं कळत नव्हतं, तिला त्याचं. इस्पितळात कुणी त्याला नावानं हाक मारत नव्हतं, खाटेला नंबर होता. दिवसातनं तेवढा एकदा कुणाचा तरी हात हाताला लागायचा.

हे शेवटचं वाक्य मात्र तो कट्ट्यावर बोलला नव्हता. ते रंगूबाईला सांगितलेलं, मी भिंतीपलीकडनं ऐकलेलं.

रंगूबाई त्याची बायको. लढाईहून बापाच्या गावी, म्हणजे इथं, आल्यावर लग्न झालं. मूल जगलं नाही एकही. बाई तोंडाची तिखट. तो जेवायला बसला आणि त्या गल्लीत शिरला की ती म्हणायची, "येवडं खाऊ घातलं मडमनं, तर ऱ्हायाचं की तितंच. माजी भाकर कशापाई मोडताय?" आणि तो गप्प झाला की थोड्या वेळानं तीच म्हणायची, "मग? त्या संतऱ्याचं काय म्हनत हुता?"

अडतीस साली रंगूबाई गेली. त्यानंतर भिंतीतनं एकच आवाज यायचा. हा माणूस एकटा भाकरी खाताना दुकानांची नावं घ्यायचा. एक घास मोडायचा आणि म्हणायचा, "पाववाला." मग कांद्याबरोबर दुसरा घास. "पिंपवाला." शेवटच्या घासाला बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. मी हे दुसऱ्याच दिवशी कट्ट्यावर नक्कल करून दाखवलं. नक्कल चांगली झाली, अजून करतात लोक.

भाऊसोंचा थोरला मुलगा बाळासो मराठा पलटणीत होता. बेचाळीस साली आफ्रिकेत तोब्रुकला सगळी पलटणच्या पलटण जर्मनांच्या हाती लागली, त्यात तोही. आधी इटलीत, मग फ्रान्समध्ये कैदेत ठेवल्याची पत्रं आली, मग पत्रं थांबली. आणि पंचेचाळीस सालच्या संक्रांतीच्या आधी एक दिवस तार आली की बाळासो मुंबईत उतरला. भाऊसो स्टेशनवर बैलगाडी घेऊन गेले. दुपारपर्यंत गावभर झालं की पोरगा हाडं आणि कातडं उरलाय, आणि संध्याकाळपर्यंत, माझ्याकडनं, असं झालं की त्याची बोट मार्सेल्सहून सुटली होती.

नाथाजी शिडी घेऊनच दुकानाशी आला. "मास्तर, खरं हाय?"

"काय?"

"मार्सेल्स."

"भाऊसो म्हणाले. आता बघ हं नाथाजी, तुझी पंचाईत. तीस वर्षं तुला खोटं पाडणारा कुणी नव्हता."

मला वाटलं हा कचरेल. त्यानं शिडी भिंतीला टेकवली. कट्ट्यावर चौघंजण बसले होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "बाळासोला इचारा. तशी गल्ली न्हाई म्हनाला, तर नाथाजी पुन्यांदा त्या गावाचं नाव काडनार न्हाई. मरस्तवर. आन् हाय म्हनाला, तर तुमी माज्या शिडीवर चढून समद्या पेठंला वरडून सांगायचं, नाथाजी खरं बोलत हुता."

"चढतो की," मी म्हणालो. "पण गोगलगाईंसकट हं."

"गोगलगाईंसकट."

बाळासो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. त्या आठ दिवसांत भाऊसोंच्या दारासमोरच्या कंदिलाची काच इतकी स्वच्छ झाली की काच आहे की नाही कळेना. नाथाजी आत जात नव्हता. आजारी माणसाला त्रास कशाला, म्हणायचा. वर चढून त्यांच्या सोप्याकडं बघत पुसत राहायचा. मला त्यानं पलटणीचा जुना कोट आणून दिला, म्हणाला, कोपरं तेवढी धरा. मी ठिगळ लावलं. लावताना खिशात हात घातला, चहाडखोराची सवय. आत काही नव्हतं. खिसा मात्र आतनं पिवळा होता.

बाजाराच्या दिवशी बाळासो आला. म्हणजे मी भाऊसोंना गळ घालून त्याला आणवलं. कट्टा भरला होता, बाजारकरीही थांबले होते. नाथाजी कोट घालून, दाढी करून, कट्ट्याच्या कडेला उभा. बसला नाही.

बाळासो पंचविशीचा पोरगा, बसताना म्हाताऱ्यासारखा गुडघ्याला हात लावून बसला. मी सुरुवात केली. पंच मीच होतो ना.

"बाळासो, तू मार्सेल्स बघितलंस?"

"व्हय. चार दिस हुतो. बोटीची वाट बगत."

"तिथं बंदरामागं एक गल्ली आहे? चढाची? पाववाला, मिठाईवाला, पिंपवाला?"

तो माझ्याकडं बघत राहिला.

"आणि मुख्य म्हणजे," मी कट्ट्याकडं डोळा मारून म्हणालो, "गोगलगाईंचं दुकान? टोपलीत जिवंत गोगलगाई? बघितल्यास का?"

हशा झाला. बाळासो हसला नाही.

"गोगलगाय?" तो म्हणाला. "मास्तर, आमी कँपात बटाट्याच्या साली खाल्ल्या. त्याबी सोलनाऱ्यानं जाड सोलल्या तर."

मला गप्प बसवत नाही, हा माझा मोठा दोष. मी म्हणालो, "ते खरं रं गड्या. पण गल्ली? आहे का नाही, एवढंच सांग."

"न्हाई."

एवढ्यावरच लोक उठले. कुणी शिट्टी मारली, कुणी नाथाजीच्या पाठीत थाप घातली. "बोला आता, मडमवाले!" मी हात वर करून निकाल पुकारला, "न्हाई! ऐकलंत का, न्हाई!" बाळासो आणखी काही बोलत होता ते माझ्या ओरडण्यात बुडालं. नाथाजीनं मात्र ऐकलं असावं. तो गर्दीतनं पुढं आला आणि पोरासमोर उकिडवा बसला.

"काय म्हनलास बाळा? पुन्यांदा सांग."

"हुती म्हंत्यात, तात्या," बाळासो म्हणाला. "बंदराकाठची समदी वस्ती जर्मनांनी सुरुंग लावून पाडली. दोन वरसं हुत आली. आमी गेलो तवा निस्तं मैदान हुतं. एक म्हातारा उबा ऱ्हाऊन आमाला हातानं दावत हुता, हितं ह्ये हुतं, तितं त्ये हुतं. त्याचं बोलनं कुनाला कळंना. आमी म्होरं गेलो."

"आन् मानसं?"

"मानसं हाकलली. एकेक बोचकं घिऊन निगा म्हनले. किती तर आगगाडीत घालून न्हेली म्हंत्यात, कुठं ते ठावं न्हाई."

"म्हातारीबी?"

"समद्यास्नी, तात्या."

नाथाजी उठला. पैजेतलं त्यानं अर्धं जिंकलं होतं. गल्ली होती, हे बाळासोनं सांगितलं होतं. पण ऐकणारे आम्ही दोघं-तिघंच, आणि बाजार तोवर मिरच्यांच्या भावाकडं वळला होता. मी शिडीकडं बघितलं. चढायला हवं होतं. चार माणसं अजून हसत होती आणि ती माझ्या विनोदाला हसत होती. मी नाही चढलो. नाथाजी नदीच्या वाटेला लागला तेव्हा मी म्हणालो, "चालला बघा, मडमला शोधायला." ते वाक्य कट्ट्याला आवडलं.

दिवस मावळायच्या आधी मी घरी आलो. परसात माझी बायको अंबूबाई कुडाच्या वरनं पलीकडं बघत उभी होती. तिला मी कधी डोकावताना पाहिलं नव्हतं, ते खातं माझं.

"कोन गेलं त्यांच्यात?" ती म्हणाली.

"कुणात?"

"नाथाजीभावजींच्यात. अंगावरच्या कापडासकट नदीवरनं आंगूळ करून आले. वल्ल्या कोटानं. चूल न्हाई पेटवली. सकाळची भाकर कुत्र्याला घातली. कुनाची तरी वंगाळ खबर आली असंल. तुमास्नी कसं ठावं न्हाई?"

मला ठावं होतं. मी सांगितलं. हसत सांगायला सुरुवात केली, सवयीनं, आणि ती हसेना म्हणून मध्येच साधं सांगून टाकलं.

"म्हंजी मडमचं सुतक," मी शेवटी म्हणालो.

"मग?" अंबूबाई म्हणाली. "त्यांचं दुसरं हाय कोन ते धरायला?" आणि ती पीठ मळायला बसली. पिठलं टाकलं. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी-पिठलं नेतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तिनं पितळी झाकून माझ्या हातात दिली.

"मी नेऊ?"

"तुमीच. आदी तुमीच."

त्याच्या घरात मी तीस वर्षांत चारदा गेलो असेन. भिंत होती म्हणून जायची गरजच पडायची नाही. तो भुईवर बसला होता, केस ओले, कोट खुंटीला ठिबकतोय. पितळी बघून त्यानं काय ते ओळखलं. मी काहीतरी गमतीचं बोलेन म्हणून थांबलाही थोडा.

मी म्हणालो, "नाथाजी, गल्ली होती. पोरानं सांगितलं. मी आता शिडीवर चढतो, चल."

"नगं, मास्तर. आता कोन हाय ऐकाय? बाजार उठला."

"उद्या चढतो."

"नगं." त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या दुकानात उपाध्ये येऊन बसत्यात. तुमास्नी ठावं असंल. किती दिस धरायचं?"

"काय?"

"सुतक. ती काय नात्याची न्हाई. जातीची न्हाई. नावबी ठावं न्हाई मला तिचं, समदी मादाम म्हनायची. मेली का जित्ती हाय तेबी ठावं न्हाई. पर जित्ती असती तर आता सत्तर-पंचात्तरची. बोचकं घिऊन कुठं जातीया त्या चढावरनं? मग म्या म्हनलं, आंगूळ तर करावी. फुडं कसं ते कळंना."

मला नियम माहीत होता. सपिंडाचं, म्हणजे भाऊबंदाचं, दहा दिवस. उशिरा कळलं तर तीन. आणि वर्ष उलटून गेल्यावर कळलं तर नुसती आंघोळ, की संपलं. गल्ली पडून दोन वर्षं होत आली होती. म्हणजे नदीवरनं आला तेव्हाच त्याचं सगळं उरकलं होतं, शास्त्राप्रमाणं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. आयुष्यात मी हजार थापा मारल्या असतील, कुणाची गंमत करायला, कुणाला चिडवायला. त्या दिवशी एक मारली आणि हसू आलं नाही.

"तीन दिवस," मी म्हणालो. "परमुलखातलं असलं की तीन दिवस धरायचं. उपाध्ये म्हणाले होते."

"तीन," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं. "तीन बेस हाय."

मग मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या हातावर ठेवला. त्यानं खाल्ला. एकही दुकान न घेता. नुसता घास, मग दुसरा, पाण्याचा घोट. माझे कान त्या भिंतीनं बिघडवलेले. प्रत्येक घासाला मी नाव यायची वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी बाळासोही आला, काठी टेकत, कुणी न बोलावता. त्याच्या आईनं दिलेली गुळाची पोळी त्यानं पंच्यात बांधून आणली होती, ती पितळीत ठेवली. तिघांनी मिळून खाल्लं. बाळासो पोळी फार हळू खायचा, पडलेला कणही बोटानं टिपून. नाथाजी त्याच्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता सांगेल. ह्या पोराला तरी सांगेल. गोगलगाई नाही तर नाही, ते पाकातलं संत्रं तरी. तो म्हणाला, "आनखी घे." एवढंच.

"झालं का मास्तर?" त्यानं हात धुताना विचारलं.

"झालं."

चौथ्या दिवशी तो शिडी घेऊन निघाला. काचा पुसल्या. "लागला का रं दिवा?" मी विचारलं, तर म्हणाला, "लागंल." पण मार्सेल्सचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. लोकांनी खूप खोदलं. बोलेल, बोलेल, म्हणून मीही वाट बघितली. भिंतीतनं आता भाकरी मोडल्याचासुद्धा आवाज येत नसे. कांदा फोडल्याचा तेवढा यायचा.

कट्ट्याला करमेना. लोक मला म्हणू लागले, मास्तर, तुमीच सांगा की, तुमाला तोंडपाठ हाय. तेव्हापासनं ती गल्ली मी सांगतो. चांगली सांगतो, हातवारे करून. पण एक दिवस फाल्गुनात, ऊन उतरत असताना, नाथाजी समोरच्या खांबावर चढलेला असताना, मी मुद्दाम मोठ्यानं सुरू केलं.

"पहिलं दुकान," मी म्हणालो, "मिठाईचं."

त्याचं फडकं थांबलं. वरनं चूक काढील म्हणून मीही थांबलो. कट्ट्यावरच्यांना वाटलं, मास्तर चुकले.

"मिठाईचं," मी पुन्हा म्हणालो, "आणि मग पाववाला."

त्यानं काच बसवली, एकेक पायरी उतरला, शिडी खांद्यावर घेतली आणि पुढच्या खांबाकडं गेला.